फॅन्सी ड्रेसमध्ये दुसऱ्यांचा वेश: दर गणपतीत येणारे तेच ते प्रश्न

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळात गणपतीत मुलांची फॅन्सी ड्रेस स्पर्धा असते. सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग, कुठून कुठून मुलं येतात, आणि नावनोंदणी सुरू झाली की आयांचे, आजोबांचे, कधी शाळेतल्या टीचरचे मेसेज येऊन राहतात की हे चालेल का, ते चालेल का, कोणाला वाईट वाटेल का. तेच ते प्रश्न असतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतेय. प्रश्नांना नंबर दिलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

१. दुसऱ्या समाजाचा किंवा दुसऱ्या देशाचा ड्रेस घातला म्हणजे अपमानच झाला का? हो की नाही ते सरळ सांगा.

नाही. नुसत्या कपड्याने अपमान फार क्वचित होतो. होतो तो तोंडाला फासलेल्या रंगाने, मुद्दाम वाकड्या केलेल्या उच्चारांनी आणि सगळ्यात जास्त म्हणजे आईने रात्री बसून लिहून दिलेल्या त्या दोन ओळींनी. एक मुलगा पांढरं मुंडू, म्हणजे केरळची लुंगी, नेसून येतो आणि म्हणतो, मी केरळचा चेंडा वाजवणारा, त्रिशूरच्या पूरमला आमचे ढोल तासन् तास चालतात. दुसरा तस्संच मुंडू नेसून "अय्यो अय्यो इडली सांबार" करत स्टेजभर फिरतो. कपडा एकच आहे हो, पण पहिल्याला बघून समोर बसलेला मल्याळी माणूस खूश होईल आणि दुसऱ्याला बघून कसनुसं हसेल. त्यामुळे ड्रेस ठरवायला आठ दिवस आणि डायलॉग लिहायला पाच मिनिटं, हे गणित उलटं करा असं मी सगळ्यांना सांगते.

२. मग घरच्या घरी ठरवायचं कसं? तुमचा काही नियम आहे का?

लिहिलेला नियम नाही, पण नावनोंदणी करताना मी विचारते की तुमचं मूल नक्की कोण आहे. "टंट्या भील", "चेंडावादक", "पैठणी विणणारी" असं उत्तर आलं की माझी चिंता मिटते. "आदिवासी", "मद्रासी", "चिनी", "आफ्रिकन" असं उत्तर आलं की पुढचं विचारावंच लागतं, कारण अख्ख्या समाजाचं सोंग काढायला गेलं की हाताशी त्याची टिंगलच उरते, दुसरं काही सुचतच नाही. मग विचारते की लोक कुठे हसतील असं वाटतं? मुलाच्या धिटाईला हसले तर छानच, पण त्या लोकांच्या रंगाला, बोलण्याला किंवा गरिबीला हसणार असतील तर बदला. आणि त्या समाजातलं कोणी पहिल्या रांगेत बसलं असेल तर हाच डायलॉग म्हणवून घ्याल का, एवढं मनात विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

३. ड्रेसवाल्याकडे तयार "आदिवासी सेट" मिळतो, स्वस्त पण आहे. त्यात काय वाईट?

हा नंबर एकचा प्रश्न, त्यामुळे उत्तर लांब आहे.

आधी ती पिशवी उघडून बघा. काळा अंगाबरोबरचा बॉडीसूट, प्लास्टिकच्या हिरव्या पानांचा घागरा, कवटी आणि हाडांची माळ, डोक्याला पिसांची पट्टी, थर्माकोलचा भाला, आणि वर फुकट सल्ला की चेहऱ्याला काळा रंग लावा आणि "झिंगालाला हुर्र हुर्र" म्हणायला सांगा. आता मला सांगा हे कुठले लोक? जगात कुठेच राहत नाहीत. जुन्या हिंदी पिक्चरमधल्या, हिरोला खांबाला बांधून नाचणाऱ्या त्या टोळीचे कपडे आहेत हे.

आणि आपण राहतो कुठे? २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात दीड कोटीच्या वर आदिवासी होते, संख्येने देशात सगळ्यात जास्त, म्हणजे राज्यातला दर पाचवा माणूस. झाबुआ आणि अलीराजपूर इथून काही तासांवर, तिथे तर दहातले जवळजवळ नऊ लोक आदिवासी. तुमच्या बिल्डिंगचं बांधकाम करणारे, तुमच्या मुलासोबत कॉलेजात शिकणारे, बँकेत तुमचा चेक घेणारे, हे सगळे त्यात आले. त्यांच्यातलं कोणी पानं नेसत नाही. भिलांच्या बायका सणाला घागरा-लुगडं नेसतात, गळ्यात हांसली, हातापायात चांदीचे कडे, कमरेला कंदोरा, आणि ती चांदी इतकी असते की आपल्या भाड्याच्या दागिन्यांनी लाजावं. पुरुष फेटा बांधतात, बंडी घालतात, आणि रोजच्याला पँट-शर्ट, जसे आपण.

खराच भिली वेश करायचा असेल तर तो सुंदर आहे आणि अवघडही नाही. झाबुआच्या त्या कापडी बाहुल्या पाहिल्यात ना, हस्तशिल्प मेळ्यात मिळतात त्या? त्या बनवणाऱ्या रमेश आणि शांती परमार या जोडप्याला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ती बाहुली समोर ठेवा आणि तसा वेश करा, फेट्यापासून कड्यांपर्यंत सगळं तिच्यात दिसतं. किंवा मुलीला भूरीबाई करा. झाबुआजवळच्या पिटोलच्या, भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या, तिथे चित्रकार ज. स्वामिनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले आणि पुढे २०२१ मध्ये त्यांना पण पद्मश्री मिळाली. हातात ब्रश आणि मागे भिली चित्र, झाला ड्रेस. बॉडीसूटपेक्षा स्वस्तात होतो.

४. भगोरियाचा ड्रेस चालेल का? मुलगा-मुलगी जोडी करून पळून जातात तो सीन करायचाय.

ड्रेस चालेल, सीन नको. भगोरिया म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यातले हाट. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन, सगळीकडे गावागावाच्या बाजाराच्या दिवशी भरतात. लोक सणाची खरेदी करतात, मांदल वाजतो, बासऱ्या वाजतात, मैत्रिणी एकाच रंगाचे कपडे घालून घोळक्याने फिरतात. आता "पान खिलाओ और भगा ले जाओ" हीच स्टोरी पेपरवाल्यांनी आणि टूरिझमवाल्यांनी इतकी वर्षं चालवली की आपल्याला तेवढंच ठाऊक. तिकडची शिकलेली मुलं या गोष्टीवर चिडतात, दरवर्षी सांगतात की आमच्या आयाबहिणींच्या बाजाराला तुम्ही प्रणयपर्व का म्हणता. त्यांचं चिडणं मला तरी पटतं. आपल्या हळदीकुंकवाला कोणी असलं नाव दिलं असतं तर आपण काय केलं असतं? तेव्हा मांदल घ्या, बासरी घ्या, एका रंगाचे कपडे घाला आणि नाचा.

५. १५ नोव्हेंबरला शाळेत जनजातीय गौरव दिवस असतो, तेव्हा तर आदिवासीच व्हावं लागतं. बिरसा मुंडा करू का?

करा ना, जरूर करा. तो दिवस बिरसांच्या जन्मतारखेचाच आहे, १५ नोव्हेंबर १८७५. फक्त बिरसांच्या फोटोत काय दिसतं ते नीट बघा, डोक्याला साधं मुंडासं आणि धोतर. पानं नाहीत, कवट्या नाहीत. पंचवीस वर्षांचे पण पुरते झाले नव्हते, जून १९०० मध्ये रांचीच्या जेलमध्ये वारले, एवढं मुलाने सांगितलं तरी टाळ्या पडतात.

इंदूरच्या मुलांना मी मात्र टंट्या भील सुचवते, आपला माणूस म्हणून. महूच्या पुढे पातालपानीला स्मारक आहे, पिकनिकला सगळे जाऊन आलेत, धबधब्याचे फोटो काढून परत. इंग्रजांना वर्षानुवर्षं हुलकावणी दिली, सावकारांना लुटून गरिबांत वाटलं म्हणून लोक टंट्या मामा म्हणायचे, आणि ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी झाली. फेटा, धोतर, तीर-कमठा. मिशी काजळाने काढा, चेहऱ्याला काळा रंग लावू नका, का ते पुढच्या प्रश्नात.

६. काळा रंग लावला तर एवढं काय? मेकअपच तर आहे. आफ्रिकन करायचं तर दुसरं कसं करणार?

याला इतिहास आहे, आणि तो अमेरिकेतला आहे. तिथे १८३०च्या सुमारापासून गोरे नट जळक्या बुचाच्या काजळीने तोंड काळं करून, ओठ मोठे रंगवून, काळ्या गुलामांची नक्कल करायचे. आळशी, मूर्ख, सदा दात काढणारा असा काळा माणूस दाखवायचा आणि लोकांनी पोट धरून हसायचं, असे शो शंभर वर्षांच्या आसपास धो धो चालले. ज्यांची टिंगल व्हायची त्यांना तेव्हा थिएटरात शेजारी बसायची पण परवानगी नव्हती. म्हणून तिकडे काळं तोंड म्हटलं की लोकांना हेच आठवतं. कॅनडाचे पंतप्रधान असताना जस्टिन ट्रुडोंचा २००१चा एका शाळेच्या पार्टीतला फोटो २०१९ मध्ये बाहेर आला, अरेबियन नाइट्सची थीम होती, पगडी घालून तोंडाला, हाताला गडद तपकिरी रंग फासलेला. ऐन निवडणुकीत जाहीर माफी मागावी लागली.

तुम्ही म्हणाल इंदूरचा आणि त्याचा काय संबंध. इतिहास तिकडचा असेल, पण गोरेपणाचं खूळ आपलं स्वतःचं आहे ना. स्थळ बघताना रंग विचारणारे आपण, स्टेजवर काळा रंग म्हणजे जंगली, राक्षस किंवा गुंड असंच दाखवत आलोय, आणि समोर बसलेली सावळी मुलं ते बघतात. मंडेला करायचेत? रंगीबेरंगी शर्ट आणि पांढरे केस, बास, लोक ओळखतात.

७. मग विठ्ठल कसा करायचा?? विठ्ठल तर काळाच आहे!

आषाढीला हा हमखास येतो आणि प्रश्न चांगला आहे. विठ्ठलाला काळा रंग लावा, कृष्णाला निळा लावा, काही हरकत नाही. तिथे काळेपणाला कोणी हसत नाही, लोक मुलाच्या पाया पडतात, उचलून घेतात. सहाव्या प्रश्नातली अडचण हसण्याची आहे, ती इथे येतच नाही. माझी काळजी वेगळीच, लहान मुलांच्या अंगाला बूटपॉलिश आणि ऑइलपेंट लावून आणणारे पालक आहेत, ते नका करू, पुरळ उठतं. काळं बनियन आणि लेगिंग घाला, कमरेवर हात ठेवायला शिकवा, पायाखाली वीट द्या.

८. सरदारजी केला तर चालतो का? मुलाला पगडी फार गोड दिसते.

गोड दिसतेच. शीख माणसाला पगडी बांधलेलं मूल बघून सहसा राग येत नाही, उलट कोणी नीट बांधून पण देईल, शेजारी विचारून तर बघा. पण "बारा बज गए" छापाचा जोक मारला की संपलं. आणि पगडी टोपीसारखी काढून फेकू नका, स्टेजवर पाडायची पण नाही, तो मानाचा विषय आहे. २०१९ मध्ये गुच्ची कंपनीची तयार पगडी अमेरिकेतल्या एका दुकानात ७९० डॉलरला विकायला ठेवली होती, तेव्हा तिथले शीख भडकले, कारण याच पगडीपायी त्यांच्या माणसांनी तिकडे मार खाल्लाय आणि इथे ती फॅशन म्हणून काचेत.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. गुरू नानकदेव किंवा कुठल्याही शीख गुरूचा वेश मुलाला करू नका, कितीही श्रद्धेने असला तरी. माणसाने गुरूंचं रूप घेणं शीख परंपरेत मान्य नाही, सिनेमात सुद्धा नाही, यावरून मोठे वाद झालेत. आपण राम, शंकर, गणपती लहानपणापासून करत आलोय म्हणून आपल्याला हे सुचतच नाही, पण प्रत्येक धर्माचं तसं नसतं. इस्लाममध्येही पैगंबरांचं रूप कोणी घेत नाही. भगतसिंग करा, उधमसिंग करा, मिल्खा सिंग करा.

९. साउथ इंडियन?

पहिला प्रश्न बघा, उदाहरण तिथलंच दिलंय. वर एवढंच सांगते की "साउथ इंडियन" नावाचं राज्य नाही. कसावू साडी केरळची, कांजीवरम तमिळनाडूची, म्हैसुरी पेटा कर्नाटकचा. एक धरा.

१०. शाळेने आम्हाला नागालँड दिलंय. आणि धाकटीला जपानी बाहुली करायचीय. डोळ्यांना आयलायनरने तिरपं करतात ते चालतं का?

डोळे तिरपे करणं बंद. डोळे ओढून दाखवणं आणि "चिंग चांग" करणं याला माझ्याकडून कुठलीच सूट नाही, लहान मूल असलं तरी नाही. पूर्वोत्तरची मुलं आपल्या शहरांत शिकायला येतात आणि रस्त्यावर हेच ऐकतात. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा अशाच टोमण्यांवरून झालेल्या मारहाणीनंतर जीव गेला, त्यानंतर पूर्वोत्तरच्या लोकांच्या तक्रारी बघायला सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली. स्टेजवर हसून मोकळं होतं ते पुढे रस्त्यावर असं निघतं.

नागालँड तुम्हालाच का मिळालं, तर सरकारच्या "एक भारत श्रेष्ठ भारत" उपक्रमात मध्य प्रदेशची जोडी मणिपूर आणि नागालँडशी लावलीय, म्हणून इथल्या शाळा ते देत असतात. नागा शाल वापरा, पण कुठलीही नाही. तिथे जमातीजमातीच्या शाली वेगळ्या, आणि काही शाली मान कमावलेल्यानेच पांघरायच्या. आओ नागांची त्सुंगकोटेपसू शाल तशीच, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर मिथुन (तिकडचा गव्यासारखा प्राणी), वाघ, हत्ती आणि माणसाचं मुंडकं काढलेलं असतं, ती एके काळी योद्ध्याला नाहीतर गावजेवणं घालून मान मिळवलेल्यालाच चालायची. सहावीतल्या मुलाला ती नको. साधी लाल-काळी शाल, मण्यांची माळ, आणि कुठली जमात ते नावाने सांगायचं.

किमोनो बिनधास्त घाला. २०१५ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या म्युझियममध्ये मोने या फ्रेंच चित्रकाराच्या किमोनोवाल्या चित्रासमोर लोकांना किमोनो घालून बघायला देत होते, त्यावर निदर्शनं झाली, आणि मग काही जपानी लोकच तिथे आले की घालू द्या हो, आम्हाला आवडतं. म्हणजे ज्यांचा कपडा त्यांचंही एकमत नसतं, आणि जपानात राहणाऱ्याला जे काहीच वाटत नाही ते अमेरिकेत चिडवून घेत वाढलेल्या जपानी मुलीला लागू शकतं. आपल्या बाहुलीने नुसतं कमरेत वाकून नमस्कार केला तर दोघांनाही चालेल.

११. रेड इंडियन? पिसांचा मुकुट ऑनलाइन मस्त मिळतो.

मस्त मिळतो, पण सुचवणार नाही. तो पिसांचा मोठा मुकुट अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या लाकोटांसारख्या मूळ रहिवाशांचा आणि त्यातलं गरुडाचं एकेक पीस पराक्रमाने कमवावं लागतं, म्हणजे आपल्याकडे परमवीरचक्र छातीला लावून कोणी पार्टीत नाचलं तर कसं वाटेल तसं काहीसं. २०१२ मध्ये व्हिक्टोरियाज सीक्रेटने फॅशन शोमध्ये मॉडेलच्या डोक्यावर असाच मुकुट चढवला, गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली आणि टीव्हीवरून तो भाग काढला. इंदुरात कोणी लाकोटा येऊन विचारणार नाही हे मान्य. तरी मुलाला मुकुटाची गोष्ट न सांगता मुकुट घालण्यात मजा काय?

१२. आम्ही मराठीच आहोत, मग कोळी, धनगर, वासुदेव, वारकरी हे तर आपलेच. यात पण नियम?

आपले म्हणजे कोणाचे? हे जरा टोचेल, पण इंदुरातल्या आपल्या मंडळांमधले बरेचजण कधी मासे पकडायला गेले नाहीत की मेंढ्यांमागे चालले नाहीत. त्यामुळे "आपलंच" म्हणून सूट घेऊ नये, दुसरा प्रश्न इथेही लागू. कोळीण करा पण भांडकुदळ, कमरेवर हात ठेवून कचाकचा शिव्या देणारी नको. वासुदेव करा, मोरपिसांची टोपी, चिपळ्या, सकाळचं दान मागणं, सुंदर आहे, पण त्याला भिकारी म्हणून ओळख देऊ नका, दान घेऊन गाणं हा त्यांचा पिढीजात धर्म आहे. पोतराज मी लहान मुलांना देत नाही, अंगावर आसूड ओढणं हा खेळ नाही.

आणि धनगराबद्दल तरी या शहरात जपून बोला. होळकर धनगर होते. जिथे आपण उभं राहून पोहे-जिलबी खातो तो राजवाडा त्यांचा. अहिल्याबाई तर दरवर्षी चार-पाच असतातच, पांढरी साडी, डोक्यावर पदर, तळहातावर पिंड, आणि तीनशेवी जयंती झाल्यापासून अजून वाढल्यात. पण डायलॉग सगळ्यांचा एकच, "मी मंदिरं बांधली". अहो, १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालवलंय त्या बाईने, महेश्वरला विणकर आणून बसवले, ती महेश्वरी साडी आज तुमच्या कपाटात आहे. हे पण येऊ द्या कोणाच्या तरी तोंडी.

१३. आम्ही मराठी नाही, सिंधी आहोत, मुलीला नऊवारी आणि नथ घालून आणली तर तुमच्या लोकांना राग येईल का?

अजिबात नाही, आमच्या काकवा तिला उचलून नेतील. शिवलेली नऊवारी चालेल, नथ दाबाची घ्या. फक्त "मराठी बाई" म्हणजे हिंदी सिरियलमधली झाडू हातात घेतलेली, "अरे देवा, काय रे बाबा" म्हणणारी शांताबाई, तसली आणू नका. ती बघून आमच्यातल्या भल्याभल्यांना लागतं, आणि मी मग त्यांना हळूच तिसरा प्रश्न वाचायला देते.

१४. सफाई मित्र, कामवाली बाई, भंगारवाला हे संस्कृतीत येतात का?

देशाच्या नावाने येत नसतील, पण अडचण तीच. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत वर असल्यामुळे सफाई मित्राचा ड्रेस इथे फारच पॉप्युलर आहे, चमकणारं जॅकेट, टोपी, हातात झाडू, मागे पुठ्ठ्याची कचरागाडी. छान आहे, मला आवडतो. "ओला कचरा हिरव्या डब्यात" हे पोरगं ठसक्यात सांगतं आणि समोरचे मोठे खजील होतात. कामवाली बाईचं मात्र अजून एकही बरं स्क्रिप्ट माझ्याकडे आलेलं नाही, सगळ्यांमध्ये ती दांड्या मारते, मोबाइलवर बोलते आणि पगार वाढवून मागते. प्रेक्षकांत तिची मुलगी बसलेली असते कधी कधी. आमच्या मंडळात तर असतेच.

१५. मुलाला साडी नेसवली तर?

स्त्रीपार्टी मराठी माणसाला नवीन आहे का? बालगंधर्वांची नेसण बघून घराघरातल्या बायका तशा नेसायला लागल्या होत्या. त्या तयारीने कराल तर उत्तम. टाळ्या वाजवत "ए हाय हाय" वालं किन्नरांचं सोंग नको.

१६. मुलगी न्यू जर्सीला असते. नातीच्या शाळेतून हॅलोवीनच्या आधी मेल आलं की कोणाच्या संस्कृतीचे कॉस्च्यूम नकोत. नातीला झाशीची राणी करायचं होतं. आता आपलाच वेश आपण घालायचा नाही?

काका, घालायचा. ते मेल तिच्यासाठी नाहीये. २०११ मध्ये ओहायो युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी पोस्टर काढली होती, एकेक विद्यार्थी हातात आपल्याच समाजाची टिंगल करणारा कॉस्च्यूमचा फोटो धरून उभा, की आम्ही म्हणजे तुमचा पार्टी ड्रेस नाही. तिथून हा विषय शाळा-कॉलेजांत पोचला. २०१५ मध्ये तिकडच्याच येल युनिव्हर्सिटीत उलटं झालं, एका शिक्षिकेने लिहिलं की मोठ्या झालेल्या मुलांना काय घालायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, त्यावरून इतका गोंधळ झाला की शेवटी तिने तिथे शिकवणं सोडलं. दोन्ही बाजू तापलेल्या असतात म्हणून शाळा आपल्या घाबरून सरसकट मेल पाठवतात. मुलीला सांगा की टीचरला दोन ओळी लिहून टाक, आम्ही मराठी, लक्ष्मीबाई तांबे घराण्यातली, ही आमची गोष्ट. नाही म्हणणार नाहीत. तलवारीला मात्र नाही म्हणतील, पुठ्ठ्याची असली तरी.

आणि आपल्याला तिकडचं काहीच लागत नाही असंही नाही हो. २००८ मध्ये हायडी क्लूम ही मॉडेल हॅलोवीनला कालीमाता बनून आली, निळं अंग, मुंडक्यांची माळ, तेव्हा चिडणारे आपलेच लोक होते.

१७. आमच्या लहानपणी हे सगळं चालायचं, कोणाला काही वाटायचं नाही. आताच सगळे एवढे नाजूक का झाले?

वाटायचं, फक्त ते स्पर्धेच्या कमिटीत नसायचे. आता त्यांची मुलं त्याच शाळेत आहेत, व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत, बोलतात. आणि जुनं सगळंच वाईट होतं असं मी म्हणत नाहीये. आपले बहुरूपी बघा, पोलीस बनून यायचे आणि गावच्या पाटलालाच दम देऊन दोन रुपये काढायचे, सगळं गाव हसायचं. तिथे हसणं आपल्याहून वरच्या माणसावर होतं. बहुरूप्याने गावातल्या सगळ्यात गरीब माणसाला दम दिला असता तर कोण हसलं असतं?

बाकी उगाच नाजूक होणारे पण आहेत, हे मान्य. चिमुरडीने किमोनो घातला म्हणून मला इंटरनेटवरचे लेख पाठवणारे आहेत. त्यांना दहावा प्रश्न.

१८. कायद्याने काही लफडं होऊ शकतं का? आर्मीचा ड्रेस, तिरंग्याची साडी वगैरे?

मुलांच्या स्पर्धेत सहसा नाही. सैनिकाचा किंवा पोलिसाचा वेश घालण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलमं आहेत, १६८ आणि २०५, पण लोकांनी तुम्हाला खरंच सैनिक किंवा सरकारी माणूस समजावं अशा इराद्याने घातला तर. स्टेजवरच्या सात वर्षांच्या कर्नलला कोणी धरत नाही. राष्ट्रध्वज मात्र कमरेखाली कपडा म्हणून वापरणं १९७१च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून भारतमातेला झेंड्याचा घागरा नको, हातात झेंडा द्या आणि साडी साधी केशरी नेसवा. आणि एखाद्या दलित किंवा आदिवासी माणसाला लोकांसमोर मुद्दाम अपमानित केलं तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तो मोठ्यांच्या ऑर्केस्ट्रा-स्किटवाल्यांनी नीट वाचून ठेवावा.

१९. टीचरनेच डायरीत लिहून पाठवलंय, "ट्रायबल ड्रेस, ब्लॅक मेकअप". टीचरशी कोण भांडणार?

भांडू नका. "मॅडम, आम्ही भूरीबाई करतोय, चालेल ना?" एवढंच विचारा. टीचरला पण तीस पोरांचे ड्रेस ठरवायचे असतात, तिने मागच्या वर्षीचा कागद पुढे ढकललेला असतो. तयार आयडिया दिली की बहुतेक जणी खूश होतात. कार्यक्रम झाल्यावर कोणी येऊन म्हणालं की आम्हाला आवडलं नाही, तर "आमचा तसा उद्देश नव्हता" हे पालुपद लावू नका, काय खटकलं ते विचारा, सॉरी म्हणा, आणि ते सगळं मुलासमोरच होऊ द्या.

२०. ताई, हे सगळं उशिरा वाचलं. "आदिवासी सेट" घेऊन आलोय, ड्रेसवाला डिपॉझिट परत करून नाही राहिला, स्पर्धा उद्या आहे. काय करू??

कवट्यांची माळ पिशवीत परत ठेवा. काळा बॉडीसूट घाला, पुठ्ठ्याची चोच करा, पिसांची पट्टी शेपटीला लावा, कावळा तयार. पितृपक्ष तोंडावर आहेच, "माझ्याशिवाय तुमचं पान हलत नाही" म्हटलं की आजोबा लोक खुर्चीतून उठून टाळ्या देतील. पानांचा घागरा मोठ्या भावाच्या गळ्यात अडकवा, तो कडुनिंब. भाल्याचं टोक काढलं की काठी उरते, ती कावळ्याला बसायला फांदी म्हणून भावाच्या हातात द्या. जोडीची एंट्री वेगळ्या फॉर्मवर असते, तो रात्री नऊच्या आत पाठवा.